रिपोर्टवरचा आकडा येतो कोठून?

शंभर वर्षांपूर्वी रुग्णाच्या केसपेपरवर 'हिमोग्लोबिन ७० टक्के' अशी नोंद असे. ७० टक्के म्हणजे कशाच्या ७० टक्के, हा प्रश्न वर्गातल्या कोणत्याही चौकस मुलाला पडेल. टक्केवारी सांगायची तर शंभर म्हणजे किती, हे आधी ठरलेले हवे. ते ठरलेले होते, पण प्रत्येकाचे वेगळे! इंग्लंडमध्ये हाल्डेन यांनी १९०१ साली आपले उपकरण बेतले, तेव्हा त्यांचे शंभर टक्के म्हणजे १०० मि.ली. रक्तात १३.८ ग्रॅम हिमोग्लोबिन होते. स्वित्झर्लंडच्या साहली यांच्या मूळ उपकरणावर शंभर टक्के म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास. हिशेब केला तर पहिल्या उपकरणावरचे ७० टक्के म्हणजे ९.७ ग्रॅम आणि दुसऱ्यावरचे जवळजवळ १२ ग्रॅम. आजच्या निकषाने यातली एक बाई रक्तक्षयाची रुग्ण ठरेल आणि दुसरी जेमतेम काठावर असेल. रिपोर्ट मात्र दोघींच्या हाती एकच पडे.

साहलीचे उपकरण आपल्याकडच्या दवाखान्यांत अनेक दशके वापरात होते. बोटातून ०.०२ मि.ली. रक्त घ्यायचे, ते नळीतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, दहा मिनिटे थांबायचे. हिमोग्लोबिनचे तपकिरी संयुग तयार होते. मग थेंबथेंब ऊर्ध्वपातित पाणी घालत जायचे, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत, पण तिच्यात फटी किती! घाईच्या वेळी दहा मिनिटांची पाच झाली तर रंग पुरता उतरत नाही आणि आकडा कमी येतो. बोट दाबून दाबून रक्त काढले तर त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो, आकडा पुन्हा कमी येतो. शिवाय रंग जुळला की नाही हे ठरवणारे डोळे माणसाचेच. वर्गात कोरा चहा घेऊन हे करून पाहता येईल. एका नळीत ठरावीक विरलतेचा चहा ठेवावा, दहा मुलांना कडक चहात पाणी घालून तोच रंग आणायला सांगावे आणि प्रत्येकाला किती पाणी लागले ते फळ्यावर लिहावे. दहा मुलांचे दहा आकडे येतील.

हिमोग्लोबिनपुरता हा गोंधळ मिटायला १९६० चे दशक उजाडले. रक्ततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सायनमेथहिमोग्लोबिनची पद्धत प्रमाण म्हणून पुढे केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांना आपली उपकरणे ज्याच्याशी ताडून पाहता येतील असे एक प्रमाण द्रावण ठरवले. टक्केवारी हळूहळू हद्दपार झाली आणि 'ग्रॅम' आले.

रक्तातल्या साखरेचीही अशीच कथा आहे. फोलिन आणि वू यांची १९२० च्या सुमाराची पद्धत आपल्याकडे फार काळ चालली. ती साखर मोजत असे, पण साखरेसारखेच वागणारे रक्तातले इतर काही पदार्थही सोबत मोजत असे. म्हणून उपाशीपोटी ८० ते १२० हा तिचा 'नॉर्मल' पट्टा होता. पुढे फक्त ग्लुकोजवरच काम करणारे विकर वापरायच्या पद्धती आल्या आणि पट्टा खाली सरकून ७० ते १०० च्या आसपास आला. माणसांच्या रक्तात काहीच बदलले नव्हते, मोजपट्टी बदलली होती. आज एका लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशेजारी ठेवून 'वाढले', 'उतरले' असे म्हणताना हे लक्षात घ्यावे लागते.

हो किंवा नाही

आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर एक वेळ निभावते. पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच असेल तर? १९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी उपदंशासाठी, म्हणजे बोलीभाषेत ज्याला गरमी म्हणतात त्या रोगासाठी, रक्ताची चाचणी शोधली. रोगाचा जंतू आदल्याच वर्षी सापडला होता. चाचणीमागचा विचार सरळ होता. रोगग्रस्त अर्भकाच्या यकृतातला अर्क घ्यायचा, त्यात जंतू असणार. रुग्णाच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील तर ती त्या अर्काशी संयोग पावतील. चाचणी चाललीही. पण वर्षभरातच कळले की निरोगी यकृताचा, इतकेच काय बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी ती तशीच चालते! म्हणजे ती जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये ओळखतच नव्हती. ती ओळखत होती एका स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्ये. त्या पदार्थाला पुढे १९४१ साली मेरी पँगबोर्न यांनी शुद्ध रूपात वेगळे काढले आणि कार्डिओलिपिन असे नाव दिले. ही प्रतिद्रव्ये उपदंशात तयार होतात हे खरे, पण मलेरियात, कुष्ठरोगात आणि ल्युपससारख्या विकारांतही होतात.

दरम्यान चाचणी दवाखान्याची चौकट ओलांडून समाजात गेली होती. १९३५ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याने लग्नाच्या परवान्यासाठी वधूवरांची रक्ततपासणी सक्तीची केली आणि इतर अनेक राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. ज्याला कधीच रोग झाला नाही अशा माणसाच्या हातात 'पॉझिटिव्ह' असा कागद आला तर त्याने काय करायचे? पेनिसिलिन येईपर्यंत उपचार म्हणजे आर्सेनिकयुक्त औषधांची महिनोन्महिने चालणारी इंजेक्शने. शिवाय घरात उठणारा संशय वेगळाच. प्रत्यक्ष जंतू वापरून खात्री करणारी चाचणी नेल्सन आणि मेयर यांनी १९४९ साली दिली, तेव्हा लक्षणे नसताना 'पॉझिटिव्ह' ठरलेल्यांपैकी कित्येकांना उपदंश कधी झालाच नव्हता, हे सिद्ध करता येऊ लागले. आपल्याकडे गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांच्या यादीत 'व्हीडीआरएल' नावाची चाचणी असते, ती याच घराण्यातली. ती चाळणी म्हणून उत्तम आहे, पण ती पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खात्री करायची असते. त्याआधी घरात भांडण काढायचे नसते.

विडाल चाचणीचेही असेच. फर्नांड विडाल यांनी ती १८९६ साली पॅरिसमध्ये मांडली. टायफॉईड झालेल्या माणसाचे रक्तद्रव टायफॉईडच्या जंतूंत मिसळले तर जंतूंच्या गुठळ्या होतात. रक्तद्रव जितके विरल करूनही गुठळ्या होतील तितकी प्रतिद्रव्ये अधिक. १:८०, १:१६० हे रिपोर्टवरचे आकडे म्हणजे ही विरलता. पण प्रतिद्रव्ये तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तरी तिला फारसा अर्थ नसतो. आणि जिथे टायफॉईड कायमच वस्तीला आहे तिथे पूर्वीच्या संसर्गाची किंवा लशीची प्रतिद्रव्ये निरोगी माणसातही सापडतात. एकच 'पॉझिटिव्ह विडाल' पुरावा म्हणून फार तोकडी पडते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त घेऊन त्यातले जंतू वाढवून पाहणे, म्हणजे ब्लड कल्चर, हा तिच्याहून भरवशाचा मार्ग. तरीही पावसाळ्यात आपल्याकडे 'विडाल करून घ्या' हे वाक्य किती वेळा ऐकू येते ते वाचकांना ठाऊक आहेच.

एकोणसाठ प्रयोगशाळांची परीक्षा

प्रयोगशाळा चुकू शकते हे सगळ्यांना माहीत होते. किती चुकते, हे मात्र कोणी मोजले नव्हते. ते काम १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधाने केले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले दोन डॉक्टर, बेल्क आणि संडरमन, यांनी साखर, युरिया, कॅल्शियम, क्लोराइड, प्रथिने अशा घटकांचे नमुने रुग्णालयांच्या ५९ प्रयोगशाळांना पाठवले. नमुन्यांत काय आणि किती आहे हे पाठवणाऱ्यांना माहीत होते, तपासणाऱ्यांना नव्हते. परीक्षा ऐच्छिक होती, नावे गुप्त राहणार होती.

निकाल लागला तेव्हा स्वीकारण्याजोग्या उत्तरांपेक्षा न स्वीकारण्याजोगी उत्तरेच अधिक निघाली. यातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने मुद्दाम ढिलाई केली असे म्हणायला आधार नाही. परीक्षेला बसायला त्या स्वतःहून तयार झाल्या होत्या, तेव्हा त्या बऱ्यापैकी आत्मविश्वास असलेल्याच असाव्यात. प्रत्येकाची द्रावणे वेगळी, पिपेट वेगळे, सवयी वेगळ्या, आणि आपले उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहायची सोय नाही. आपले घड्याळ मागे पडते आहे हे दुसरे घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही, तसेच हे. या परीक्षेने एक पायंडा पाडला. बाहेरच्या संस्थेने अज्ञात नमुना पाठवायचा, सर्व प्रयोगशाळांनी तो तपासायचा आणि आपण कळपात कुठे आहोत ते पाहायचे. आपल्याकडे वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जीवरसायन चाचण्यांसाठी अशी योजना चालवते आणि देशभरच्या प्रयोगशाळा तिच्यात भाग घेतात.

पण बाहेरचा नमुना महिन्यातून एकदा येणार. आज, आत्ता यंत्र बरोबर चालले आहे का हे कसे कळावे? याचे उत्तर वैद्यकशास्त्राला टेलिफोनच्या कारखान्यातून मिळाले. वॉल्टर शूहार्ट हे संख्याशास्त्राची जाण असलेले भौतिकशास्त्रज्ञ. टेलिफोनची सामग्री बनवताना प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो. यातला फरक केव्हा नुसता नैसर्गिक चढउतार समजायचा आणि केव्हा यंत्र बिघडल्याची खूण मानायची, हे ओळखण्यासाठी त्यांनी १९२४ साली एक साधा आलेख सुचवला. मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या रेघा, आणि रोज एक ठिपका. (हेच शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतात येऊन गेले, कारखान्यांतल्या गुणवत्ता नियंत्रणाचा आपल्याकडचा इतिहास या भेटीपासून सांगितला जातो.)

लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली हा आलेख रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणला. पुढे रूढ झालेली रीत अशी: ज्याची साखर आधीच अनेकदा मोजून ठेवली आहे असे रक्तद्रव रोज रुग्णांच्या नमुन्यांसोबत तपासायचे आणि आलेला आकडा आलेखावर मांडायचा. ठिपके सरासरीभोवती विखुरले तर ठीक. एखादा ठिपका तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला किंवा ठिपके दिवसेंदिवस एकाच बाजूला सरकू लागले, तर त्या दिवशी रुग्णांचे रिपोर्ट द्यायचे थांबवून आधी यंत्र, द्रावणे, तापमान तपासायचे. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना प्रमाण विचलन शिकवताना आम्हांला याहून चांगले उदाहरण सुचत नाही. कोणत्याही नीट चालवलेल्या लॅबमध्ये हा आलेख असतो. सहलीने गेल्यास तो जरूर दाखवायला सांगावा.

'नॉर्मल' कोण ठरवतो?

१९५७ साली लेनर्ड स्केग्ज यांनी रचलेले ऑटोअॅनालायझर बाजारात आले. नळ्यांमधून नमुने एकामागोमाग वाहत जातात, मध्ये हवेचा बुडबुडा सोडून एकाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवले जाते आणि रंग मोजण्याचे काम यंत्र करते. दशकभरात एकाच नमुन्यावर बारा चाचण्या करणारी यंत्रे आली. जिथे डॉक्टर एकच प्रश्न विचारत असे तिथे बारा उत्तरे मिळू लागली. आजच्या 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातींचे मूळ इथे आहे.

आणि इथेच एक गणिती गंमत लपली आहे. रिपोर्टवर आकड्याशेजारी जो 'नॉर्मल' पट्टा छापलेला असतो, तो निरोगी माणसांच्या एका गटाची तपासणी करून ठरवतात. त्यांच्या आकड्यांपैकी मधले ९५ टक्के ज्यात बसतील तो पट्टा. म्हणजे व्याख्येनेच दर वीस निरोगी माणसांतला एक पट्ट्याबाहेर पडतो. बारा चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाच्या सर्व चाचण्या पट्ट्यात बसण्याची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ५४ टक्के. वीस चाचण्यांना ती ३६ टक्क्यांवर येते. (चाचण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण रोख हाच.) निरोगी माणसाने वीस चाचण्यांचे पॅकेज घेतले तर एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येणे हेच अपेक्षित आहे! अशा वेळी पहिला प्रश्न 'कोणते औषध घेऊ?' हा नसून 'ही चाचणी कशासाठी केली होती?' हा असायला हवा.

'नॉर्मल' या शब्दाचा हा घोळ ओळखून फिनलंडचे ग्रेसबेक आणि सारिस यांनी १९६९ साली सुचवले की 'नॉर्मल' म्हणूच नये, 'संदर्भमूल्य' म्हणावे. कोणत्या माणसांच्या संदर्भात, हा प्रश्न त्या शब्दातच येतो. पुरुष की स्त्री, मूल की म्हातारे, समुद्रसपाटीवर राहणारे की लेहमध्ये? शब्द पाठ्यपुस्तकांत रुजला, बोलण्यात मात्र अजून 'नॉर्मल'च आहे.

मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी म्हणून ओळखली जाणारी एचबीए१सी ही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये होणारा बदल तेहरानच्या सॅम्युएल राहबर यांनी १९६८ साली टिपला. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजायची, तर हिमोग्लोबिन नेहमीचे आणि तांबड्या पेशींचे आयुष्य नेहमीएवढे हे त्यात गृहीत आहे. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही हा आकडा कमी दिसू शकतो. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात उलट तो वाढलेला दिसू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तिथल्या रुग्णाने ही चाचणी करताना आपल्या घरात सिकलसेल असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

यंत्राबाहेरची चूक

यंत्रे सुधारली, आलेख आले. मग चुका संपल्या का? इटलीतल्या पादुआच्या रुग्णालयात प्लेबानी आणि कारारो यांनी तातडीच्या प्रयोगशाळेतल्या ४०,४९० चाचण्यांचा मागोवा घेतला आणि १९९७ साली निष्कर्ष छापले. चुका सापडल्या १८९, म्हणजे हजारी पाचांहून कमी. बेल्क-संडरमन यांच्या काळाशी तुलना करता हे मोठेच यश. पण या चुकांपैकी सुमारे ६८ टक्के नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच घडल्या होत्या. चुकीची नळी, ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून घेतलेले रक्त, दुसऱ्याचे नाव. यंत्रावर घडलेल्या चुका जेमतेम १३ टक्के होत्या. उरलेल्या रिपोर्ट लिहिताना आणि पोचवताना झाल्या.

हा भाग असा आहे की त्यात रुग्णाचा हात असतो. नळीत रक्त नुसते ठेवले तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेच्या नळीत फ्लोराइड असते आणि तिचे बूच बहुधा राखी रंगाचे असते. सुईतून जोराने ओढताना पेशी फुटल्या तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि रुग्णाला नसलेला आजार रिपोर्टवर दिसतो. 'नमुना खराब झाला, पुन्हा द्या' असा फोन आला तर चिडण्याचे कारण नाही, ती लॅब आपले काम नीट करते आहे. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या काही चाचण्या साफ फसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. आपण काय घेतो हे रक्त घेणाऱ्याला न सांगण्याची आपली सवय इथे नडते. उपाशीपोटी यायला सांगितले असता 'फक्त चहाच घेतला' हे उत्तर तर सर्वत्र ऐकू येते. आणि नळीवर नाव कधी लिहिले जाते? ते आपल्यासमोर, रक्त घेतल्याबरोबर, नाव विचारून लिहिले जावे. पाटील, जाधव, शिंदे यांच्या आपल्या मुलखात पूर्ण नाव आणि वय दोन्ही हवे.

घरी ग्लुकोमीटर असलेल्यांसाठी एक आकडा. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या साखरेला मीटरने प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावे, तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे लॅबमध्ये २०० आले असता घरच्या मीटरवर १७२ किंवा २२६ दिसले तर मीटर बिघडलेला नाही.

अमेरिकेत बाहेरून होणाऱ्या तपासणीचा कायदा १९६७ साली झाला. १९८७ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्या घाईघाईने तपासणाऱ्या प्रयोगशाळांवर वॉल्टर बोग्डानिच या पत्रकाराने लिहिले आणि पुढच्याच वर्षी तो कायदा कडक झाला. एका तंत्रज्ञाने दिवसात शंभराहून जास्त काचपट्ट्या पाहू नयेत अशी मर्यादा आली. तरीही बोटातल्या काही थेंबांवर भरमसाट चाचण्या करण्याचा दावा करणारी थेरानोस ही कंपनी त्याच देशात उभी राहिली. २०१५ साली वृत्तपत्राने तिचे पितळ उघडे पाडले आणि २०१६ साली तिने आपल्या यंत्रावरचे दोन वर्षांचे रिपोर्ट रद्द केले. संस्थापिका एलिझाबेथ होम्स २०२२ साली दोषी ठरल्या त्या गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून ज्यूरीने त्यांना मोकळे केले.

आपल्याकडे प्रयोगशाळांना मान्यता देणारे एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ आहे. आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे ते लॅबची पाहणी करते. त्यात रोजचा नियंत्रण आलेख आणि बाहेरच्या संस्थेचे अज्ञात नमुने, दोन्ही पाहिले जातात. ही मान्यता ऐच्छिक आहे आणि असंख्य छोट्या लॅब तिच्याविना चालतात. त्यातल्या काही उत्तम काम करतात. २०२० साली करोनाच्या चाचण्या करू देताना खाजगी प्रयोगशाळांसाठी ती आवश्यक ठरवण्यात आली, तेव्हा हे नाव प्रथमच अनेकांच्या कानांवर पडले. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात तिचे चिन्ह असते. मात्र लॅबला मान्यता असली तरी ती सर्व चाचण्यांना असतेच असे नाही. ज्या चाचणीला ती नाही तिच्यापुढे बहुधा एखादी फुली किंवा तारका छापलेली असते, आणि तिचा अर्थ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला असतो.